डावरीची पात

"अगं बया, ही मी न्हवंच!"

भामाक्कानं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, मागं सरून नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. आम्ही सोंगणीच्या टोळीतल्या सगळ्या बाया तिच्या छपरात दाटीवाटीनं उभ्या होतो. खताच्या दुकानदारानं ते कॅलेंडर तिला फुकट दिलं होतं, कारण वरचं चित्र आमचंच होतं. मागच्या फाल्गुनात गहू कापताना शहरातला एक टोपीवाला आला होता. त्यानं तीन पायांवर पेटी उभी केली, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि "माना वर करू नका, काम चालू ठेवा" असं तो सारखा ओरडत होता. आम्हाला काय, आम्ही कापत राहिलो. तो गेला आणि आम्ही त्याला विसरलोही. आता नव्या सालाच्या तारखांवर आम्ही छापून आलो होतो.

"तूच हायस की अक्का," मी म्हटलं. "एवढं रुंद बूड ह्या कॅनॉलच्या काठाला दुसऱ्या कुणाचं हाय?"

बाया खिदळल्या. भामाक्का आमच्या टोळीची मुकादमीण, वयानं आणि तोंडानं सगळ्यांत मोठी. तिनं मला एक धपाटा घातला.

"बूड माझंच हाय गं भवाने. पण हात बघ! इळा कुठल्या हातात हाय माझ्या?"

तेव्हा कुठं आम्ही नीट बघितलं. चित्रात भामाक्काच्या डाव्या हातात इळा होता. माझ्याही डाव्या हातात, गिरजाच्याही डाव्या हातात. पदर सगळ्यांचे उलट्या खांद्यावर. कॅनॉलचा पूल शेताच्या उजव्या अंगाला आहे, तो चित्रात डाव्या अंगाला गेलेला. एकटी बाई तेवढी उजव्या हातानं कापत होती, आणि ती होती शेवंता. आमच्या अख्ख्या टोळीत डावरी म्हणून जी एकुलती एक होती, ती.

फोटोची काच छापखान्यात उलटी पडली की असं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी एका शिकलेल्या मुलीनं सांगितलं. ती असले जुने फोटो गोळा करते. शेतात राबणाऱ्या बायांचे. आमचा तो फोटो तिच्याकडं आहे, आणि त्याच्याखाली गावाचं नाव आहे, बायांची नाही. पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार? आम्हाला ते बघून कसंतरीच झालं.

"उलटं ते मढ्याचं," भामाक्का हळूच म्हणाली. "चांगलं न्हवं हे."

मी जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी पाय मागं घेणारी. मी लगेच देवाचं नाव घेतलं आणि वळून शेवंताकडं बघितलं, तर ती खाली बसली होती. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती हाताकडं बघत नव्हती, पदराकडंही नाही. चित्रात मान वर केलेली बाई ती एकटीच होती. तिचा अर्धा चेहरा, कपाळावरच्या गोंदणासकट, स्पष्ट उठला होता.

"हे कुठं कुठं लावत्यात गं, अक्का?" तिनं विचारलं.

"कुठं म्हंजे? न्हाव्याकडं, च्याच्या दुकानात, किराण्यात. दुकानदार म्हनला, पार जामखेडपातुर गेलंय."



शेवंता आमच्यात येऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. कॅनॉलच्या काठानं एकटी चालत आली होती. हातात फक्त इळा, तोही डावऱ्या हाताचा, धार उलट्या बाजूनं लावलेला. भामाक्कानं तिला कोण, कुठली, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कापता येतंय न्हवं? मंग कड धर." कड म्हणजे बांधालगतची शेवटची पात. सोंगणीला आम्ही ओळीनं बसायचो, प्रत्येकीनं आपल्या पुढ्यातली पट्टी कापत जायची, ती तिची पात. उजव्या हाताच्या बायांच्या मधे डावरी बसली की दोघींचे इळे एकमेकींवर येतात, बोटं जातात. म्हणून डावरीला नेहमी कडेची पात. तिच्या शेजारी मी. आमची गट्टी जमली ती त्याच्यामुळं. मी बडबडी, ती मुकी. बरं चाललं होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी कॅनॉलवर धुणं घेऊन गेलो, तेव्हा ती म्हणाली, "ठके, माझं नाव शेवंता न्हाई. चांगुणा हाय."

"असू दे की," मी म्हटलं. "माझं बी ठकूबाई, म्हणून मी काय कुणाला ठकवते व्हय?"

ती हसली नाही. लुगडं दगडावर तसंच ठेवून बोलत राहिली. घरात बाया तीनच, सासू, थोरली जाऊ आणि ती. थोरला दीर वारला आणि जावेनं आपला जमिनीचा वाटा मागितला. एका सकाळी जाऊ पाण्याला गेली ती परत आली नाही. चांगुणाचा नवरा घरी आला, म्हणाला, वहिनीचा पाय घसरला, विहिरीत पडली. सगळ्या गावानं मान हलवली.

"मी शेणाच्या पाटीसंगं गोठ्यामागं उभी होते," चांगुणा म्हणाली. "तिचा पाय घसरला न्हाई, ठके."

माझ्या हातातला पिळा सुटून पाण्यात गेला. "त्यानं तुला बघितलं?"

"तवा न्हाई. पण मी दोन दिस जेवले न्हाई, तेवढ्यावरनं वळखलं त्यानं. मला म्हनला, तू बी जपून जात जा पाण्याला. चांगलं गोड बोलून म्हनला. मी दुसऱ्या दिशी निघाले."

"मंग पोलिसपाटलाला..."

"पाटील त्याचा मामा."

आजच्या मुलींना वाटेल, त्यात काय, चार माणसं जमवायची. पण तेव्हा नवऱ्याची बाई नवऱ्यानं नेली तर आडवं कोण येणार? आमचा मालक भला माणूस, तोही म्हणाला असता, "जा बाई, संसार आहे तुझा." आणि तिला त्या विहिरीकडं नेऊन सोडलं असतं, अगदी हळदकुंकू लावून.

"पण चित्रात तू उजव्या हातानं कापतीस," मी तिला धीर द्यायला म्हटलं. खरं तर माझा मलाच देत होते. "तुझ्या नवऱ्याला ठाऊक हाय न्हवं, तू डावरी? तो म्हणंल, तोंडावळा तसाच, पण ही दुसरीच."

"म्हणंल बी," ती म्हणाली. "पण बघायला यील."

त्यानंतर माझी झोपच उडाली. कुत्रं भुंकलं की उठायची, एस.टी.चा हॉर्न वाजला की दारात यायची. माझा नवरा म्हणायचा, "तुला भुतानं धरलंय का काय?" मी म्हणायची, "तुमच्याशी लगीन झालं तवाच धरलं." पण हसू यायचं नाही. पौष गेला, माघ गेला, गहू पिवळा पडायला लागला. कुणी आलं नाही. मला वाटायला लागलं, टळलं.

मग सोंगणी सुरू झाली आणि एका संध्याकाळी मी मीठ आणायला किराण्यात गेले, तर फळीवर एक माणूस बसला होता. बारीक अंगाचा, स्वच्छ धोतर, कपाळाला बुक्का. देवळात टाळ वाजवत बसावा तसला. शेजारी एक म्हातारी जमिनीवर बसून होती. त्याच्या मांडीवर आमचं कॅलेंडर. तारखा फाडून टाकलेल्या, नुसतं चित्र.

"ताई," तो मला म्हणाला. आवाज एवढा मऊ की ऐकायला पुढं झुकावं. "हे शेत कुठं आलं, सांगता का? कॅनॉलचा पूल डाव्या अंगाला हाय, बघा."

भीतीनं माझ्या तोंडून जे निघालं ते खरंच निघालं. "डाव्या अंगाला पूल असलेलं शेत हितं न्हाई, दादा."

"न्हाई?"

"न्हाई. द्येवाशप्पथ न्हाई." आणि शपथही खोटी नव्हती.

त्यानं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आसू द्या," म्हणाला. "आता आलोय तर कॅनॉल धरून समदी शेतं बघतो. घाई न्हाई मला."

मीठ तिथंच राहिलं. मी पळत सुटले ती थेट भामाक्काच्या छपरात. चांगुणाला तिथंच बोलावून घेतलं आणि मी सगळं ओकले. चांगुणानं एकच विचारलं, "म्हातारी हाय संगं? नाकात चमकी, एक पाय फरफटती?" मी मान हलवली. "माझी सासू," ती म्हणाली आणि आपला इळा उचलून दाराकडं निघाली.

भामाक्का दारात आडवी झाली. "कुठं निघालीस?"

"जाते, अक्का. माझ्यामुळं तुमच्या जिवाला..."

"कॅनॉलच्या उघड्या रस्त्यानं जाशील? लांबनं दिसशील. छपरात लपशील? सोंगणीच्या दिसात घरी एकटी बाई, पहिला तिथंच येईल तो. ऐक माझं. एकट्या बाईला कुणीबी उचलून नेतं. बायांच्या घोळक्यातनं न्यायला काळीज लागतं. उद्या तू पातीवर बसायचं, मधोमध. आन् उजव्या हातानं कापायचं."

"मला जमायचं न्हाई, अक्का."

"सोंगणी हाय बाई, सोंग घ्यायचं," भामाक्का म्हणाली. "तो डावरी हुडकतोय. आपल्यात डावरी न्हाईच."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत आम्ही पातीला बसलो. चांगुणाचा इळा पेंढ्यांखाली लपवला आणि तिला माझा जुना दिला. गव्हाचं कूस अंगाला खातं म्हणून सोंगणीला आम्ही पदर डोळ्यापर्यंत ओढून घेतो, त्याचा आधार होता. पण हात काही ऐकेना. डाव्या हातानं सरसर कापणारी बाई उजव्या हातानं असं कापत होती, जसं लहान पोर पहिल्यांदा भाकरी थापतं. पात मागं पडली की लांबून डोळ्यात भरते. म्हणून भामाक्कानं सगळ्यांना दम दिला, "हळू. कुणी पुढं पळायचं न्हाई." अख्खी ओळ चांगुणाच्या चालीनं सरकत होती. तिच्या पुढ्यातली चार-चार ताटं मी माझ्या इळ्यानं ओढून घेत होते आणि तोंडानं देवाचं नाव घेत होते.

दुपारच्या भाकरीआधी तो आला.

आला म्हणजे ओरडत आला नाही. कॅनॉलवरून उतरला, म्हातारी मागं पाय फरफटत, आणि आमच्या बांधावर येऊन उकिडवा बसला. मांडीवर चित्र पसरलं. उडू नये म्हणून त्याच्यावर ढेकूळ ठेवलं. एकदा चित्राकडं बघायचा, एकदा आमच्याकडं. इळ्यांचा करकर आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, ह्यानं शिव्या द्याव्यात, दगड मारावा, काहीही करावं, पण असं बघत बसू नये. मी उकिडवं बसायचं सोडून मातीत फतकल मारून कापत होते.

भामाक्का उठली. इळा हातातच. "कोण पावणं म्हणायचं?"

"मी लांबचा, बाई. बायको हरवलीय माझी." शेळी हरवल्यासारखं म्हणाला. "हे चित्र तुमचंच न्हवं का?"

"आमचं? आमच्यात कुणी डावरी दिसती का तुम्हाला?"

त्यानं पुन्हा ओळीवर नजर फिरवली. एकेकीच्या हातावर थांबत, थांबत. चांगुणाच्या हातावर आली तेव्हा मी डोळे मिटले. माझ्या शेजारून एक बारीक आवाज आला, श्वास आत ओढल्यासारखा. डोळे उघडले तर तिचा डावा तळवा अंगठ्याखाली उभा कापला होता. तिनं मूठ गव्हावर घट्ट आवळली होती आणि ताटांवरून रक्त खाली उतरत होतं. ती थांबली नाही. उजव्या हातानं पुढची मूठ कापली.

"चित्रात एक सोडून समद्या डावऱ्या," तो म्हणाला. "हितं समद्या उजव्या. मजा हाय." मग चित्राची घडी घातली. "पण आलोय तर बघून जातो. जरा पदर मागं घ्या म्हणावं बायांना."

"पदर?" भामाक्काचा आवाज चढला. "परक्या बाप्यानं म्हणायचं आन् आमच्या बायांनी पदर मागं घ्यायचा? मालक पलीकडच्या तुकड्यात हाय, त्याची चार माणसं हायत. हाक मारू?"

"राहू द्या," तो म्हणाला, तितक्याच गोडीनं. "मी पातीत पाय सुदिक ठेवत न्हाई. माझी आई बघंल. बाईनं बाईचं तोंड बघायला हरकत न्हाई न्हवं?"

बाईला नाही म्हणायला भामाक्काला तोंड कुठं होतं? त्यानं मान न वळवता मागं सांगितलं, "जा गं. एकेकीचं बघून ये."

म्हातारी ओळीच्या त्या टोकापासून सुरू झाली. प्रत्येकीपुढं वाकायची, दोन बोटांनी पदर उचलायची, बघायची, सोडायची आणि बांधाकडं तोंड करून म्हणायची, "न्हवं." पाय फरफटत पुढची. "न्हवं." गिरजा झाली. "न्हवं." मला वाटत होतं उठून पळावं. किंवा जोरात रडावं. किंवा म्हातारीच्या पायावर डोकं ठेवावं. ह्यातलं मी काहीच केलं नाही, कारण मला उठताच येत नव्हतं. ती माझ्यापुढं आली. पदर उचलला. तिचे डोळे मी बघितले. पाणी आटलेले, कशातच नसलेले. "न्हवं."

आता चांगुणा.

म्हातारीनं पदर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

आमच्याकडं सून सासूला आत्याबाई म्हणते. माहेरची आत्या असो नसो, सासू ती आत्याबाई. उठताबसता, भाकरी वाढताना, पाणी देताना, रोज तोच शब्द. जिभेला वळण पडतं. चांगुणानं मान वर केली, सासूला बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई."

हळू म्हणाली असती तरी चाललं असतं. पण सगळे इळे थांबले होते. शब्द थेट बांधावर गेला.

तो उठून उभा राहिला. "काय म्हनली ती?"

चांगुणाचे ओठ पांढरे पडले. भामाक्का इळा धरून नुसती बघत राहिली, तिलाही सुचेना. तो बांधावरून एक पाय पातीत टाकायला निघाला.

मी कधी धीट नव्हते आणि नंतरही झाले नाही. त्या वेळी काय झालं ते माझं मला ठाऊक नाही. भीतीनं माझं तोंड नेहमीच सुटतं, तसंच ते सुटलं असेल. मी ओरडले, "आत्याबाई! अहो आत्याबाई, तोंडं काय बघत सुटलाय, लांबनं आलाय तर पाणी तरी प्या की!"

म्हातारीनं वळून माझ्याकडं बघितलं. तो थबकला.

आणि मग त्या टोकाकडून गिरजा ओरडली, "आत्याबाई, भाकर सोडतोय आता, दोन घास खाऊन जावा!"

"बसा की आत्याबाई, पाय दुखत आसंल," आणखी कुणीतरी.

"आत्याबाई, माझं तोंड बघितलं, आता ओटी भरा माझी!"

भामाक्काला उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा ती सगळ्यांच्या वर गेली. म्हातारीपेक्षा ती पाच-सात वर्षांनी मोठीच असेल. तीही हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, ह्या गरीब सुनेवर राग धरू नगा, मघाशी चुकून जोरात बोलले." बाया हसायला लागल्या. ते हसू नव्हतं. दात वाजत होते आमचे, ते हसण्यासारखं ऐकू येत होतं.

म्हातारी अजून चांगुणाचा पदर धरून होती. तिनं खाली बघितलं. उजव्या हातातला इळा बघितला. डाव्या हाताची मूठ बघितली, ताटांवरून ओघळणारं रक्त बघितलं. मग ती सरकली, दुखरा पाय ओढत, आणि चांगुणा नि बांध ह्यांच्या मधे अशी उभी राहिली की तिच्या लुगड्याआड सगळं झाकलं गेलं.

"अगं बया," ती मोठ्यानं म्हणाली, "एवढ्या सुना मला कवा झाल्या गं?"

"आई," तो म्हणाला. आता आवाजातला गोडवा पातळ झाला होता. "ती हाय का न्हाई, तेवढं सांग."

"आपली डावरी," म्हातारी म्हणाली. "ही उजवी. तूच बघतोयस की मघाधरनं."

"तोंड बघ म्हटलं मी. हात न्हाई."

"बघितलं. न्हवं."

"नीट बघितलंस?"

म्हातारीनं पदर सोडला. हळूच, चापून चोपून डोळ्यांवर नीट बसवला, जसा नव्या नवरीचा बसवतात. मग ती बांधाकडं वळली. ती बोलली ते आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली.

"थोरलीला विहिरीतनं वर काढली तवा तिचं तोंड कुणाला वळखंना. मीच वळखलं. तू माझ्या शेजारी उभा हुतास. माझ्या सुनंचं तोंड मला वळखाया येतं, बाळा."

वारा नव्हता. गहू हललाही नाही. त्यानं आमच्याकडं बघितलं, ओळीतल्या एकेकीकडं, आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडं बघत होतो. पहिल्यांदाच माना वर करून. त्यानं चित्राची घडी खिशात घातली, काढली, पुन्हा घातली.

"चल," म्हणाला.

"चल," म्हातारी म्हणाली. जाताना भामाक्काला हात जोडले आणि चांगुणाकडं न बघता, वाटेवरच्या परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "दमानं कापा हो बाई. घाई करू नगा." आणि पाय फरफटत बांधावर चढली. तो पुढं, ती मागं. कॅनॉलच्या काठानं गेली दोघं.

मी तिथंच पातीत ओकले. मग उठून चांगुणाचा हात बघितला. जखम खोल होती. मी माझ्या पदराची चिंधी फाडली आणि बांधायला लागले. मला वाटत होतं, आता रडेल, सुटले म्हणेल, माझ्या गळ्यात पडेल. मी तर आतून नाचतच होते. म्हटलं, "सुटलीस गं बाई! वाचलीस!"

तिनं हात हिसडून घेतला आणि उठून पळायला लागली. कॅनॉलकडं.

मी मागनं धावले आणि बांधावर तिला कमरेला धरलं. भामाक्कानं येऊन दुसरीकडनं धरलं. ती आमच्या हातात तडफडत होती, तोंडावर मी माझा पंजा दाबून धरला होता, कारण ती हाक मारणार होती.

"येडी का खुळी तू?" मी तिच्या कानात ओरडले. "गेला तो! सुटलीस!"

तिनं माझा हात तोंडावरून खाली ओढला. दोघं तोवर पुलापाशी पोचली होती. तो थांबला होता, म्हातारी जवळ यायची वाट बघत. त्यानं तिला हाताला धरून आपल्या पुढं घातलं, आणि दोघं पुलापलीकडं उतरली.

"मी सुटले गं," चांगुणा म्हणाली. "पण त्या घरात पाण्याला जायला आता आत्याबाई एकटीच उरली, ठके."